दगडावरील वाङ्मय

मासिकांतून पुस्तकांचें परीक्षण येतें, नाटकांचें येतें, चित्रप्रदर्शनांचेंही अधूनमधून येतें. परंतु एका प्रकारच्या लेखनाचें परीक्षण आजवर फारसें कोणीं केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. तें लेखन म्हणजे रणांत किंवा चळवळींत पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडांवरील लेखन. वास्तविक पाहतां पुस्तकापेक्षां त्याचा वाचकवर्ग मोठा. गाडीची वाट पाहणारा शेतकरी, शाळेला निघालेला मुलगा, बाजारास आलेली बाई, ही सारी मंडळी तें वाचते, निदान वाचूं शकते. पुस्तकांत चूक राहिली तर दुसऱ्या आवृत्तींत ती सुधारतां येते. दगडाला दुसरी आवृत्ति नसते. पुस्तक न रुचल्यास मिटून ठेवतां येतें. चौकांतील दगड मिटतां येत नाहीं. ज्या लेखनाची जबाबदारी एवढी मोठी, त्याची चिकित्सा मात्र कोणींच करूं नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

अशी चिकित्सा करावयास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसारखा प्रदेश दुसरा क्वचितच सांपडेल. हे दोन जिल्हे बव्हंशीं एकाच घरचे. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. त्यामुळें वडूज आणि इस्लामपूर, प्रतापगड आणि कुंडल यांचीं दप्तरें आज दोन कचेऱ्यांत वांटलीं गेलीं असलीं, तरी त्यांचा इतिहास सलग आहे. कृष्णा-कोयनेच्या या खोऱ्यांत वीरगळ आहेत, छत्रपतींच्या घराण्यांतील समाध्या आहेत, इंग्रज सरकारनें बसविलेल्या पाट्या आहेत, सत्तावन्नचीं आणि बेचाळीसचीं स्मारकें आहेत. इतक्या भिन्न काळच्या लोकांनीं आपल्या मृतांविषयीं दगडावर काय सांगितलें, हें येथें एका दिवसाच्या प्रवासांत पाहावयास मिळतें.

परीक्षणास कांहीं माप हवें. आम्ही तीन साधे प्रश्न माप म्हणून घेतों. हा कोण? येथें काय झालें? आणि तें कशासाठीं झालें? परगांवचा मनुष्य स्मारकापुढें उभा राहिला, त्याच्याबरोबर सांगणारा कोणी नसला, तर या तीन प्रश्नांचीं उत्तरें दगडानें दिलीं पाहिजेत. तीं तो देत नसेल, तर त्याची उंची कितीही असो, तो दगड मुका आहे असें आम्ही म्हणूं.

आरंभ वीरगळापासून करूं. या भागांतील कित्येक खेड्यांत देवळाच्या पाराशीं किंवा शिवेवर हे उभे दगड दिसतात. त्यांवर बहुधा अक्षर नसतें. पण अक्षराविना जेवढें सांगतां येईल तेवढें ते सांगतात. खालच्या चौकटींत झुंज, कधीं गाईगुरांच्या रक्षणासाठीं, कधीं शत्रूच्या स्वारांशीं. तिच्यावर वीरास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. आणि शेंड्याला चंद्रसूर्य, म्हणजे आकाशांत हे दोघे आहेत तोंपर्यंत ही कीर्ति राहो असा अर्थ. अक्षरशत्रु माणसालाही हा दगड खालून वर वाचतां येतो. आमच्या तीन प्रश्नांपैकीं दोहोंचीं उत्तरें त्यानें दिलीं: काय झालें, आणि कशासाठीं झालें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्यानें गांवाच्या आठवणीवर सोंपविलें. दगड घडविणाऱ्यास वाटलें असेल कीं, हा कोण हें गांव विसरेल कसा? गांव विसरला. आज बहुतेक वीरगळांस शेंदूर लागतो, नारळ फुटतो. पण ज्याच्या नांवानें फुटतो त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. नांव न लिहिल्याचा हा परिणाम पुढील विचारासाठीं ध्यानांत ठेवावा.

वीरगळाच्या अगदीं उलट दोष ज्याच्यांत आहे असा एक दगड याच खेड्यांतून आढळतो. म्हणून काळाचा क्रम सोडून आम्ही आधीं त्याच्याकडे वळतों. १९१४ च्या महायुद्धांत सातारा जिल्ह्यांतील हजारों तरुण पलटणींत दाखल झाले. मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, कूतच्या वेढ्यांत अडकल्या, आणि त्यांतील पुष्कळ शिपाई परत आले नाहींत. साताऱ्याजवळील एकट्या अपशिंगें गांवचे ४६ शिपाई या युद्धांत पडल्याचें सांगतात. त्या गांवाच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आहे. युद्ध संपल्यावर सरकारनें ठिकठिकाणच्या गांवांत एक लहानशी पाटी बसविली. तिच्या मजकुराचा सांचा ठरलेला: या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले. गांवागणिक बदलतात ते फक्त आंकडे.

या पाटीचें गद्य, गद्य म्हणून पाहिल्यास, निर्दोष आहे. एकही विशेषण नाहीं, एकही शब्द जास्त नाहीं. तरी ती वाचून आमच्या मनाला एक प्रकारचा गारठा येतो. कारण येथें वीराची संख्या झाली आहे. दोनतीनशें उंबऱ्यांच्या गांवांत पडलेल्या चौघांचीं नांवें पाटलास ठाऊक होतीं, कुळकर्ण्याच्या दप्तरांत होतीं, पाणवठ्यावरील बायकांच्या तोंडीं होतीं. तीं विचारावयास एक दिवस पुरला असता. जागा नव्हती असें म्हणावें, तर चार नांवांस जागा ती किती लागते? ज्यानें पाटी बसविली त्याला माणसें मोजावयाचीं होतीं, ओळखावयाचीं नव्हतीं, हाच याचा अर्थ.

हा आरोप आम्ही रागानें करीत नाहीं. त्यास पुरावा आहे. फ्रान्समध्यें न्यूव्ह शापेल येथें १९२७ सालीं जें हिंदी शिपायांचें स्मारक उघडण्यांत आलें, त्यावर चार हजार सातशेंहून अधिक नांवें आहेत. म्हणजे नांवें मिळविणें आणि कोरणें अशक्य नव्हतें. परंतु जेथें मराठा पलटणींचें रक्त अधिक सांडलें त्या मेसोपोटेमियांतील बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी सैन्यापैकीं अंमलदारांचीं तेवढीं नांवें आलीं, आणि साध्या शिपायांची पलटणीवार संख्या लिहिली गेली. २०२१ सालीं राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान-मंडळानेंच आपल्या चौकशीच्या अहवालांत असला भेदभाव झाल्याचें कबूल केलें. युरोपांत जेथें जगाचे डोळे होते तेथें नांवें. बसऱ्यास आणि आमच्या खेड्यांत आंकडे. वीरगळावर नांव नाहीं तें गांवाच्या विश्वासामुळें. या पाटीवर नांव नाहीं तें परक्याच्या बेफिकिरीमुळें. दोन्ही ठिकाणीं नुकसान मात्र एकच झालें आहे.

आतां मागें सोडलेल्या काळाकडे येऊं. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. तेथील माहुली म्हणजे छत्रपतींच्या घराण्याची दहनभूमि. या घाटावर दोन स्मृति जवळजवळ आहेत. थोरल्या शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता. शिकारींत त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें अशी कथा आहे. महाराजांनीं त्याला भरजरी वस्त्रें घातलीं, आपलें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेविलें, असेंही बखरकार व इंग्रज इतिहासकार सांगत आले. त्या कुत्र्याची दगडी मूर्ति माहुलीस आहे, आणि ती पाहावयास लोक कौतुकानें जातात. शाहू महाराजांच्या चुलती महाराणी ताराबाई यांचाही अंत्यविधि येथलाच. १७०० पासून १७०७ पर्यंत सात वर्षें ज्या बाईनें औरंगजेबास दक्षिणेंत सुखानें बसूं दिलें नाहीं, तिची समाधि नदीच्या पात्रालगत असल्यामुळें पुराच्या गाळानें व वाळूनें वरचेवर झांकली गेली, आणि ती शोधून दाखवावी लागते.

मुक्या जनावराच्या इमानाचें स्मारक झालें याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. तो महाराजांच्या दिलदारपणाचाच भाग होय. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. दगड टिकतो तो मृताच्या योग्यतेनें टिकत नाहीं. मागें राहिलेल्यांच्या प्रेमानें, सत्तेनें आणि निगेनें टिकतो. ताराबाई वारल्या त्या १७६१ च्या डिसेंबरांत. पानिपताचा घाव तेव्हां ताजा होता, आणि साताऱ्याच्या गादीचें तेज मावळत आलें होतें. त्यांच्या मागें दगडाची काळजी वाहणारें समर्थ कोणी उरलें नाहीं. तेव्हां ज्या स्मारकांच्या मागें आज सत्ता व पैसा उभा आहे तींच महत्त्वाचीं, आणि ज्यांच्या मागें कोणी नाहीं तीं क्षुल्लक, असा समज करून घेणें ही इतिहासाची थट्टा आहे. सुशिक्षित कुटुंबांनीं माहुलीस गेल्यावर मुलांना कुत्रा दाखवावाच. पण त्याच पायरीवर उभें राहून ताराबाईंची गोष्टही सांगावी.

माहुलीस वाळूनें जें झांकलें, तें प्रतापगडावर मोकळ्या आकाशाखालीं उघडें आहे. आणि आमच्या मतें या दोन जिल्ह्यांतील अतिशय बोलकें स्मारक तेंच होय. तेथें महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं याच गडाच्या पायथ्याशीं अफजलखानाचा वध झाला. पुतळ्याचें अनावरण मात्र ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें, आणि त्या दिवशीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं हजारों लोकांनीं तेथें निदर्शनें केलीं. म्हणजे या दगडाला दोन तारखा आहेत: एक ज्याचें स्मरण करावयाचें त्या दिवसाची, दुसरी ज्या दिवशीं स्मरण केलें त्याची. प्रत्येक स्मारकाला अशा दोन तारखा असतात. पहिली वाचून पूर्वज कळतात, दुसरी वाचून आपण कळतों. प्रतापगडावर जाणाऱ्यानें दोन्ही वाचाव्यात.

पण प्रतापगडाचें खरें वैशिष्ट्य पुतळ्यांत नाहीं. त्याच डोंगराच्या कुशींत अफजलखानाची कबर आहे. मारलेल्या शत्रूचें दफन महाराजांनीं रीतीप्रमाणें करविलें अशी परंपरा आहे, आणि कबर तेथें आहे ही गोष्ट तर डोळ्यांपुढची. जेत्याचा पुतळा आणि जिताची कबर एकाच डोंगरावर नांदत असल्यामुळें ‘येथें काय झालें?’ या प्रश्नाचें उत्तर पुरें मिळतें. कबरीभोंवतीं मागाहून वाढलेलें बांधकाम २०२२ सालीं सरकारनें काढून टाकलें. मूळ कबर राहिली, हें योग्यच झालें. शत्रूचा दगड पुसून टाकला तर विजयाचा दगडही अर्धा मुका होतो. किल्ला ज्यांनीं बांधला आणि राखला त्यांना ही गोष्ट कळत होती; ती आपणांस कळेनाशी होऊं नये.

यापुढील स्मृति जिची, तो पराभव होता. आणि पराभवाचें स्मारक कसें करावें हा प्रश्न अधिक अवघड आहे. १८३९ सालीं इंग्रजांनीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांचा दावा मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, आणि जवळजवळ चौदा वर्षें लंडनमध्यें कंपनीच्या दारीं झगडत राहिले. महाराज १८४७ सालीं काशीसच वारले, १८४८ सालीं राज्य खालसा झालें, आणि १८५३ सालीं रंगो बापूजी रित्या हातांनीं परत आले. सत्तावन्नचा वणवा पेटला तेव्हां साताऱ्यासही कट शिजला, आणि फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं गेंडामाळावर सतरा माणसांस देहदंड दिला गेला: पांचांस फांशी, सहांस तोफेच्या तोंडीं, सहांस बंदुकीच्या गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले, आणि पुढें त्यांचा पत्ता कोणासही लागला नाहीं.

या सतरा जणांत कायस्थांपासून रामोशांपर्यंत निरनिराळ्या जातींचे लोक होते. राज्य गेल्यावर नऊ वर्षांनीं, यश येण्याचा संभव फारच थोडा असतांना, हे लोक एकत्र कसे आले? तोफेच्या तोंडीं कोणास दिलें, फांशी कोणास, आणि हा भेद कशावरून केला? गेंडामाळावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनांत हे प्रश्न येणारच. शहरांतील चार भिंती ही वास्तु प्रतापसिंह महाराजांच्या वेळची. ती पुढें सत्तावन्नच्या वीरांचें स्मारक झाली. तेथें झांशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब पेशवे यांच्या पंक्तीस रंगो बापूजी बसले आहेत. ही पंक्ति मानाची खरी. पण झांशीच्या राणीची कथा झांशीस सांगतात, ग्वाल्हेरीस सांगतात, शाळेच्या प्रत्येक पुस्तकांत सांगतात. गेंडामाळाची कथा साताऱ्यानें सांगितली नाहीं, तर ती दुसरें कोणी सांगणार नाहीं. आमच्या मतें स्थानिक स्मारकाचा पहिला धर्म हा कीं, जें दुसरीकडे कोठेंही वाचावयास मिळणार नाहीं तें त्यानें आधीं सांगावें. देशभर गाजलेलीं नांवें मागाहून यावींत.

रंगो बापूजींची समाधि असणें शक्यच नाहीं, कारण त्यांचा अंत कोठें झाला हेंच कळलें नाहीं. त्यांचें खरें स्मारक कागदाचें आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनीं प्रतापसिंह छत्रपति व रंगो बापूजी यांच्यावर लिहिलेला मोठा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे राज्य बुडाल्यास बरोबर शंभर वर्षें झालीं त्या सालीं, आणि परकी सत्ता गेल्यावर दुसऱ्याच वर्षीं. ज्याला दगड मिळाला नाहीं त्याला पुस्तक मिळालें. असें भाग्य गेंडामाळावरील बाकीच्यांपैकीं किती जणांच्या वांट्यास आलें?

आतां बेचाळीसकडे. येथें आमची टीका अधिक तीव्र होणार आहे. कारण येथील दगड आमच्याच काळानें उभारले, आणि त्यांतील चुकांचा दोष परक्यांवर टाकतां येत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला; वडगांवचे परशुराम घार्गे आणि त्यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपुरास गोळीबार झाला. तेथें किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतील इंजिनियर पंड्या आणि कामेरीचे विष्णु बारपटे हे दोघे पडले. पुढें जुलै १९४३ मध्यें वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या धांवपळींत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव यांस गोळ्या लागून मरण आलें. वसंतदादाही गोळीनें जखमी झाले, पण वांचले, आणि पुढें राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांचें नांव आज सर्वतोमुखीं आहे, आणि तें असावेंही. परंतु त्या दिवशीं जे दोघे परत आले नाहींत, त्यांचीं नांवें सांगलीच्या किती घरांत मुलांना सांगतां येतील?

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत राज्य सरकारनें महाराष्ट्रभर सुमारें दोनशें हुतात्मा स्मारकें बांधलीं. सातारा-सांगलीच्या वांट्यास त्यांतील पुष्कळ आलीं. हेतु निःसंशय चांगला होता, आणि ज्या लहान गांवांकडे कोणीं पाहिलें नव्हतें त्यांस यामुळें मान मिळाला, हें आधीं मान्य केलें पाहिजे. परंतु तीं सर्व जवळजवळ एकाच नकाशावरून उठविलेलीं. एका गांवीं मोर्चावर गोळी झाडली, दुसऱ्या गांवीं जंगल सत्याग्रहांत माणूस पडला, तिसऱ्या गांवचा तरुण भूमिगत असतांना चकमकींत गेला. तिघांस इमारत एकच. वीरगळ घडविणारा पाथरवटही सांचा वापरीत असे. पण खालच्या चौकटींत तो गाईसाठींची झुंज निराळी आणि स्वारांशींची झुंज निराळी दाखवी. आमच्या सरकारी नकाशांत ती चौकट राहून गेली.

मजकुराचीही तीच गत. गेल्या कांहीं वर्षांत ठिकठिकाणीं नव्यानें बसलेल्या पाट्या आम्ही वाचीत आलों. त्यांत अमर, तेजस्वी, ज्वलंत, धगधगतें, प्रेरणादायी या विशेषणांची दाटी आढळते. आणि तो मनुष्य काय करीत होता, शेतकरी कीं सुतार, त्याचें वय काय होतें, तो त्या दिवशीं कोठून कोठें निघाला होता, यांतील एकही गोष्ट कळत नाहीं. विशेषण सर्वांस सारखें लागू पडतें, म्हणून तें कोणाचेंच नसतें. शिवाय बहुतेक ठिकाणीं अनावरण कोणाच्या हस्तें झालें, अध्यक्षस्थानीं कोण होतें, प्रमुख उपस्थिति कोणाची, हा मजकूर मृतांच्या नांवांहून लांब असतो. इंग्रजांच्या पाटीनें मृताची संख्या केली. आमच्या पाटीनें त्याला समारंभाचें निमित्त केलें. कोणता दोष मोठा, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोंपवितों.

शब्दांचीही एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवानें या भागांत जें स्वराज्य चाललें, त्यास लोकांनीं पत्री सरकार म्हटलें. गुन्हेगाराच्या तळपायांस पत्री मारण्याच्या शिक्षेवरून हें नांव पडलें, असा लोकांचा समज. लिहितांना मात्र पुष्कळ ठिकाणीं ‘प्रतिसरकार’ हा शुद्ध शब्द येतो. दोन्ही शब्द खरे आहेत. ‘प्रतिसरकार’ म्हणजे समांतर राज्य. तें त्याच्या राजकारणाचें नांव. ‘पत्री सरकार’ हें त्याच्या धाकाचें नांव. दरोडेखोर, खबरे, जुलमी सावकार यांस त्यानें कठोर शिक्षा केल्या. त्यांतील कित्येकांविषयीं मतभेद तेव्हांही होते. शुद्ध शब्द ठेवून रांगडा शब्द पुसला, तर त्या राज्याची कठोर बाजू पुसली जाते, आणि त्याबरोबर तें ज्यांनीं चालविलें त्या शेतकऱ्यांचा आवाजही जातो. उलट, शेणोली येथें ७ जून १९४३ रोजीं पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडविणाऱ्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड यांस ‘लूट’ हा शब्द अमान्य होता. इंग्रजांनीं लोकांचा चोरलेला पैसा आम्हीं परत आणला, असें त्यांचें म्हणणें असे. तेव्हां एका शब्दानें किती सांगितलें जातें आणि किती दडतें, हें दगडावर लिहिणाऱ्यानें ओळखलें पाहिजे.

दगडावांचूनही स्मारक होतें, याचें उदाहरण वाळव्यास आहे. १९४५ च्या फेब्रुवारींत मणदूरकडील डोंगरांत पोलिसांशीं झालेल्या चकमकींत वाळव्याचा किसन अहिर आणि त्याचा पंजाबी सोबती नानकसिंग हे दोघे पडले. त्यांचे सहकारी नागनाथअण्णा नायकवडी यांनीं पुढें वाळव्यास सहकारी साखर कारखाना काढला, आणि त्यास हुतात्मा किसन अहिर यांचें नांव दिलें. मित्राचें नांव हजारों शेतकऱ्यांच्या रोजच्या पोटापाण्याशीं बांधून टाकावें, ही कल्पना आम्हांस कोणत्याही पुतळ्याहून थोर वाटते. मात्र येथेंही भाषा आपलें काम करीत असते. लांब नांव तोंडीं राहत नाहीं; लोक नुसतें ‘हुतात्मा’ म्हणतात, आणि ऊंस ‘हुतात्म्याला’ जातो. शब्द जिवंत राहिला, पण त्यामागील माणूस हळूहळू मागें सरला. आणि दूर पंजाबांतून येऊन येथल्या मातींत पडलेला नानकसिंग तर नांवांतही नाहीं. म्हणून स्मारक दगडाचें असो कीं कारखान्याचें, माणसाची गोष्ट वरचेवर सांगावीच लागते.

यावर कोणी म्हणेल कीं, स्मारक हें भावनेसाठीं असतें. त्याला इतिहासाच्या पुस्तकाचें काम सांगूं नये. नमस्कार करावयास आलेल्या माणसास तपशील कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु भावना टिकते ती तपशिलानेंच. ‘असंख्य हुतात्म्यांस’ केलेला नमस्कार मनांत फार वेळ राहत नाहीं. पण किर्लोस्करवाडीचा एक इंजिनियर कारखान्यांतील काम सोडून इस्लामपूरच्या मोर्चांत कां गेला, हा प्रश्न एकदां मुलाच्या मनांत शिरला, कीं तो त्याला सुखानें बसूं देत नाहीं. वीरगळाला आजही शेंदूर लागतो, म्हणजे भावना आहे; नांव गेलें, म्हणजे माणूस गेला. अशी नुसती भावना आपणांस पुरे आहे काय?

आणि आतां वेळही थोडा उरला आहे. बेचाळीस ज्यांनीं केलें ते एकेक करून गेले. २०११ सालीं जी. डी. बापू लाड गेले, २०१२ सालीं नागनाथअण्णा गेले, २०२२ सालीं कॅप्टन भाऊ लाड गेले. आजवर दगड चुकला तरी त्याच्याशेजारी उभा राहून ‘असें नव्हे, असें झालें’ म्हणणारा कोणी म्हातारा गांवांत होता. यापुढें दगड सांगेल तेंच खरें मानलें जाईल. ताराबाईंच्या समाधीवर वाळू चढावयास काळ लागला. विशेषणांची वाळू त्याहून लवकर चढते.

म्हणून आमची सूचना मोठ्या खर्चाची नाहीं. नवीन पुतळे, नवीन कमानी यांची घाई नको. आहेत त्या स्मारकांवर एकेक लहान शिळा बसवावी, आणि तींत एवढेंच लिहावें: मृताचें पुरें नांव, त्याचा गांव, धंदा आणि वय, कोणत्या दिवशीं, कोठें आणि काय करीत असतां तो पडला, कोणाच्या हुकुमानें गोळी सुटली, आणि त्याला काय हवें होतें. महायुद्धाच्या पाट्यांजवळही, घरोघरीं विचारून आणि पलटणींचीं दप्तरें पाहून, नांवांची दुसरी पाटी बसवावी. ते शिपाई परक्यांच्या चाकरींत गेले म्हणून ते आपले नव्हेत असें नाहीं. हें काम गांवच्या शाळामास्तरांनीं आणि सुशिक्षित कुटुंबांनीं केलें तर सरकारची वाट पाहावी लागणार नाहीं. आजोबांच्या पेटींतील एखादें पत्र, पेन्शनचा कागद, आजीनें सांगितलेली एखादी हकीकत, हींच या लेखनाचीं साधनें आहेत. आणि तीं दिवसेंदिवस रद्दींत चाललीं आहेत.

ज्यांच्या घरीं असा कागद असेल त्यांनीं तो आजच काढून पाहावा, आणि मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. पुढच्या ९ सप्टेंबरला वडूजला जाणें झालें, तर भाषणें संपल्यावर क्षणभर मागें राहून तीं नऊ नांवें आपण स्वतः वाचावींत, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.